दारात झुलणाऱ्या हत्तींचे पुनर्वसन

दारात हत्ती झुलत असणे ही मराठी भाषेतील वैभवाची जुनी खूण आहे. एखाद्या घराण्याच्या गतवैभवाचे वर्णन करताना आजही हा शब्दप्रयोग सहज केला जातो. हत्ती दारात झुलतो म्हणजे तो ऐटीत, समाधानाने डोलतो, असे ऐकणाऱ्याने गृहीत धरलेले असते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना मात्र या झुलण्यात ऐट दिसत नाही. एकाच जागी साखळीने बांधलेला हत्ती तासन् तास मान हलवतो, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, पुढे-मागे होतो आणि पुन्हा तेच करतो. रानातल्या हत्तींमध्ये हे वर्तन आढळत नाही. ज्या जनावराला चालायला, शोधायला, निवडायला काहीच उरलेले नाही, त्याच्या मनावरील ताणाचे ते लक्षण मानले जाते. पिंजऱ्यातला वाघ गजांलगत येरझाऱ्या घालतो, त्यातलाच हा प्रकार. वैभवाची म्हणून जी खूण पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, ती प्रत्यक्षात दुखण्याची खूण होती.

माणसाच्या ताब्यातील हत्तींना मोकळ्या, विस्तीर्ण पुनर्वसन केंद्रांत हलवावे, ही मागणी गेली काही वर्षे जगभर जोर धरत आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा झाली ती एकाच जिल्ह्यात. २०१४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील जोतिबा देवस्थानाचा 'सुंदर' हा हत्ती न्यायालयाच्या आदेशाने बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा येथे गेला. २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यातील नांदणी येथील जैन मठाची 'महादेवी' ऊर्फ 'माधुरी' ही हत्तीण गुजरातमधील जामनगरला नेण्यात आली. पहिल्या वेळी वाद मुख्यतः न्यायालयात झाला. दुसऱ्या वेळी हजारो लोक रस्त्यावर उतरले. दोन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता. हत्तीवर प्रेम करणे आणि हत्तीला जवळ ठेवणे या दोन गोष्टी एकच आहेत का?

अभयारण्य नव्हे, निवारा

या चर्चेत शब्दांचा एक घोळ आहे. इंग्रजीतून आलेल्या बातम्यांचे मराठीकरण करताना या केंद्रांना सरसकट 'अभयारण्य' म्हटले जाते. मराठीत अभयारण्य म्हणजे राधानगरी, नागझिरा किंवा कोयना. कायद्याने संरक्षित केलेले रानटी प्राण्यांचे जंगल. माणसाळलेल्या हत्तीला अशा जंगलात सोडून द्या, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणत नाही. लहानपणापासून माणसाच्या हातचे खाल्लेला हत्ती रानात सोडला, तर तो अन्नाच्या ओढीने शेतात आणि वस्तीतच परत येतो. शिवाय त्याच्यामार्फत माणसांचा क्षयरोग रानातल्या कळपात पोहोचण्याची भीती असते. हत्तींना क्षय माणसांकडून होतो, ही बाब आता पशुवैद्यकशास्त्रात निर्विवाद आहे.

ज्याची मागणी केली जाते ते वेगळेच ठिकाण आहे. मोठे कुंपण घातलेली माती-गवताची जमीन, झाडे, पाणवठा, पशुवैद्यक आणि सोबतीला इतर हत्ती. तिथे हत्तीने काम करायचे नाही, पाठीवर माणूस घ्यायचा नाही, मिरवायचे नाही आणि शक्यतो प्रजननही करायचे नाही, कारण नवे पिल्लू म्हणजे आणखी साठ वर्षांचा बंदिवास. त्याला 'हत्तींचा निवारा' म्हणणे अधिक योग्य ठरेल. गाईंच्या पांजरपोळाची कल्पना ज्या समाजाला शतकानुशतके ठाऊक आहे, त्याला ही कल्पना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही.

अर्थात, नावावर जाऊन चालत नाही. जयपूरजवळ आमेर किल्ल्याच्या हत्तींसाठी 'हाथीगाव' उभारण्यात आले. तिथे हत्तींना राहायला खोल्या आणि तलाव मिळाले हे खरे, परंतु सकाळी पर्यटक वाहण्याचे काम सुटलेले नाही. ती वसाहत आहे, निवारा नव्हे.

पायापासून सुरू होणारे मरण

बंदिस्त हत्तीचे हाल म्हटले की अंकुशाच्या जखमा आणि साखळदंडाचे वळ डोळ्यांपुढे येतात. ते असतातच. परंतु हत्तीला खऱ्या अर्थाने पोखरते ती त्याच्या पायाखालची जमीन.

हत्ती दिसायला सपाट तळव्यावर उभा असला, तरी त्याच्या पायाची हाडे जवळपास बोटांवर उभी असतात आणि टाचेखाली चरबीची जाड गादी असते. अडीच-तीन टनांचे शरीर निःशब्दपणे चालू शकते ते या गादीमुळे. तळव्याची कातडी आणि नखे आयुष्यभर वाढत राहतात. रानात दररोज मैलोन् मैल चालताना माती, वाळू, खडक यांवर ती आपोआप झिजतात. काँक्रीटच्या किंवा फरशीच्या जागेत उभ्या असलेल्या हत्तीची ही झीज होत नाही. नखे वाढून वळतात, तळवा भेगाळतो. त्याच जागी मलमूत्र साचलेले असते. ओल्या भेगांतून जंतू शिरतात, गळू होते, संसर्ग हाडापर्यंत जातो. दुखरा पाय उचलून धरण्याची सोय हत्तीला नाही, कारण उरलेल्या तीन पायांवर तेवढाच अधिक भार येतो आणि त्यांचे सांधे झिजू लागतात. आडवे होऊन विश्रांती घ्यावी, तर उठता येईल याची खात्री नसते. त्यामुळे दुखणाईत हत्ती उभ्यानेच झोपतो. पायांचे आणि सांध्यांचे आजार हे बंदिस्त हत्तींच्या मृत्यूचे प्रमुख कारण समजले जाते ते यामुळेच. औषधाने हे लांबवता येते. उपाय एकच, मऊ जमीन आणि चालणे.

खाण्याचेही तसेच. रानातला हत्ती दिवसाचे सोळा ते अठरा तास चरण्यात घालवतो. गवत, बांबू, साली, मुळ्या, पाने असा सुमारे दीडशे किलो चारा तो दिवसभरात मिळवतो. मिळवणे या शब्दाला इथे महत्त्व आहे. फांदी ओढायची, सालीचा पट्टा सोलायचा, गवताची जुडी पायावर झटकून माती काढायची, यातच त्याची बुद्धी आणि वेळ खर्ची पडतो. समोर टाकलेली उसाची मोळी तो थोड्या वेळात संपवतो. उरलेला दिवस काय करायचे, याचे उत्तर साखळीच्या दोन मीटरच्या परिघात नसते. मुंबईकरांना 'बिजली' आठवत असेल. लग्नाच्या वरातींत आणि रस्त्यांवर भिक्षा मागण्यासाठी फिरवली गेलेली ही वयस्कर हत्तीण जून २०१३ मध्ये मुलुंडला कोसळली. तिला उठवण्यासाठी शहरातील अनेकांनी काही दिवस धडपड केली, पण ती वाचली नाही. डांबरी रस्ता आणि भाविकांनी प्रेमाने भरवलेले शहरी खाणे, या दोहोंचा हिशेब शेवटी तिच्या शरीराने चुकता केला.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद असा, की रानात वाघ, वणवे, दुष्काळ असतात. माणसाजवळ हत्ती सुरक्षित राहतो आणि जास्त जगतो. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजाला मोठा धक्का दिला. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान १८.९ वर्षे आढळले, तर म्यानमारच्या जंगलात लाकूड ओढण्याच्या कामावरील हत्तिणींचे ४१.७ वर्षे. आफ्रिकन हत्तिणींच्या बाबतीत तफावत आणखी मोठी होती. प्राणिसंग्रहालयात १६.९ वर्षे, तर केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक मृत्यू आलेल्या हत्तिणींच्या बाबतीत ५६ वर्षे. म्यानमारचा आकडा विचार करायला लावणारा आहे. ते हत्ती मोकळे नव्हते, कष्ट करीत होते. परंतु काम संपल्यावर त्यांना रात्री जंगलात चरायला सोडले जाई आणि तिथे ते इतर हत्तींना भेटत. डॉक्टर, औषधे आणि आयता चारा असूनही प्राणिसंग्रहालयांना हे साधले नाही. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतील आणि सर्कशींतील हत्ती वनखात्याच्या शिबिरांत हलवण्याचे निर्देश दिले होते. अंमलबजावणी रेंगाळली, ही गोष्ट वेगळी.

शरीराइतकाच मोठा प्रश्न सोबतीचा. हत्तिणी जन्मभर आई, मावश्या, बहिणी यांच्या कळपात राहतात आणि कळपाचे नेतृत्व वयस्क मादी करते. माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल स्वरांत ते दूरवरच्या हत्तींशी बोलतात, हे १९८० च्या दशकात केटी पेन या संशोधिकेने दाखवून दिले. नर वयात आल्यावर कळपापासून दूर होतात, पण तेही इतर नरांच्या संगतीत वावरतात. मंदिरात किंवा मठात मात्र हत्ती बहुधा एकटा असतो. माणसांच्या गर्दीत असतो, सतत कोणीतरी सोंडेवर हात फिरवत असते, आशीर्वाद मागत असते. तरीही तो एकटा असतो.

हत्ती येतो कुठून?

भारतात सुमारे अडीच हजार हत्ती माणसाच्या ताब्यात असल्याचे केंद्र सरकारच्या २०१९ मधील आकडेवारीवरून दिसते. आसाम आणि केरळ या दोन राज्यांत त्यांतील निम्म्याहून अधिक आहेत. रानटी हत्तींची संख्या ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित गणनेनुसार २२,४४६ आहे. म्हणजे देशातील साधारण प्रत्येक दहावा हत्ती कोणाच्या तरी मालकीचा आहे.

मालकीचा हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि १९७७ मध्ये हत्तीला त्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. रानातून हत्ती धरणे तेव्हापासून बंद झाले. ज्यांच्याकडे आधीपासून हत्ती होते, त्यांना मालकी प्रमाणपत्र ठेवण्याची मुभा मिळाली, मात्र विक्रीवर बंदी आली. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतील वृक्षतोडीवर निर्बंध घातले आणि लाकूड ओढणारे शेकडो हत्ती एका फटक्यात बेकार झाले. मालकाला पोसणे परवडेना, कायदा विकू देईना. तेव्हा 'दान' ही पळवाट निघाली. कागदावर देणगी, प्रत्यक्षात व्यवहार, अशा रीतीने हत्ती देशभरातील देवस्थानांकडे, वरातींकडे आणि भिक्षेकडे वळले, असा आक्षेप हत्तीतज्ज्ञ सातत्याने घेत आले आहेत. केंद्राने महेश रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने २०१० मध्ये 'गज' हा अहवाल दिला. त्याच वर्षी हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राण्याचा दर्जा मिळाला. वारसा प्राणी आणि भिक्षेकरी, या दोन्ही भूमिका हत्ती त्यानंतरही एकाच वेळी बजावत राहिला.

२०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक वा अन्य कारणांसाठी हत्तीच्या हस्तांतराला वाट करून दिली आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. मालक हत्तीचा सांभाळ करू शकत नसेल किंवा दुसरीकडे त्याची निगा अधिक चांगली राखली जाणार असेल, तर हस्तांतर करता येते, असे हे नियम सांगतात. 'अधिक चांगली निगा' म्हणजे नेमके काय, यावर भविष्यातील बहुतेक वाद होणार हे उघड आहे.

कोल्हापूरचे दोन हत्ती

कोल्हापूर आणि हत्ती यांचे नाते जुने. संस्थानकाळातील साठमारीचे मैदान आजही शहरात नावाने ओळखले जाते. सुंदर या हत्तीची कथा त्या मानाने अलीकडची. २००७ मध्ये एका लोकप्रतिनिधीने तो जोतिबा देवस्थानाला अर्पण केला. वाढत्या वयाच्या नर हत्तीला देवळाच्या परिसरात ठेवणे किती कठीण असते, याचा अंदाज अर्पण करणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना बहुधा नव्हता. नर वयात आला की त्याला दरवर्षी माज येतो. त्या काळात कानशिलातून स्राव वाहतो, तो अस्वस्थ आणि धोकादायक होतो. रानात तो या काळात मादीच्या शोधात दूरवर भटकतो. बंदिवासात त्याला अधिक घट्ट बांधले जाते. २०१२ मध्ये 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेने सुंदरला आखूड साखळ्यांनी बांधून मारहाण होत असल्याची तक्रार केली. राज्य सरकारने त्याच वर्षी त्याला हलवण्याचा आदेश दिला, पण तो कागदावरच राहिला. अखेर एप्रिल २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला बन्नेरघट्टा येथे पाठवण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि जूनमध्ये सुंदर तिथे पोहोचला. सुमारे १२२ एकरांचा जंगलवजा परिसर आणि हत्तींचा कळप त्याला मिळाला.

बन्नेरघट्टा आदर्श आहे असे नव्हे. ते जैविक उद्यान आहे, तिथे पर्यटक येतात, हत्तींची पिल्ले जन्माला येतात. निवाऱ्याच्या काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. तरीही आखूड साखळी आणि कळप यांत निवड करायची, तर ती अवघड नव्हती.

माधुरीच्या बाबतीत मात्र निवड तितकी सोपी नव्हती, आणि ते मान्य केले पाहिजे. नांदणीच्या मठात ही हत्तीण १९९२ पासून होती. पंचक्रोशीतील दोन पिढ्या तिला पाहत मोठ्या झाल्या. हत्ती बाळगण्याची मठाची परंपरा जुनी आणि तिच्यामागची भावना अस्सल होती. दुसऱ्या बाजूला तिच्या आरोग्याचे अहवाल होते. पायाचा सडका संसर्ग, वाढलेली नखे, सांधेदुखी. शिवाय अनेक वर्षे दुसऱ्या हत्तीची सोबत नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेमलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये देशभर कार्यकक्षा वाढवलेल्या उच्चाधिकार समितीने तिला जामनगरच्या राधे कृष्ण टेंपल एलिफंट वेल्फेअर ट्रस्टकडे हलवण्याची शिफारस केली. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मठाची याचिका फेटाळली. धार्मिक विधींसाठी हत्तीचा वापर करण्याचा माणसाचा हक्क आणि चांगले आयुष्य जगण्याचा हत्तिणीचा हक्क यांत न्यायालयाने दुसऱ्याला प्राधान्य दिले. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला आणि जुलैअखेर माधुरी 'वनतारा'त दाखल झाली.

त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्राने पाहिले. नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली. एका बड्या उद्योगसमूहाच्या मोबाइल सेवेवर बहिष्कार पडला. या संतापात केवळ हत्तीविषयीचे प्रेम नव्हते. गावाची वस्तू गावाला न विचारता मोठ्यांनी नेली, अशी ती भावना होती, आणि अशी भावना अन्य प्रसंगांतून आलेल्या अनुभवांवर पोसलेली असते. न्यायालयीन आदेशाची प्रत तिला उत्तर देऊ शकत नाही. हत्ती हलवण्यापूर्वी गावकऱ्यांना तिच्या पायांची क्ष-किरण चित्रे दाखवली असती, गावातील काही मंडळींना केंद्र पाहण्यासाठी नेले असते, माहुताला सोबत पाठवण्याची हमी जाहीर केली असती, तर कडवटपणा बराच कमी झाला असता.

टीकेचा दुसरा रोख वनतारावर होता. खासगी उद्योगसमूहाच्या केंद्रात इतक्या मोठ्या संख्येने प्राणी का, तेथील कोरडे हवामान हत्तीला मानवते का, बाहेरच्यांना देखरेख करता येते का, असे प्रश्न विचारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. त्याच्या अहवालात कायद्याचे उल्लंघन आढळले नाही आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो स्वीकारला. कायदेशीर शंका त्यामुळे मिटली असली, तरी धोरणाचा प्रश्न उरतोच. देशभरातील निवृत्त हत्तींसाठी एका राज्यात एकाच समूहाच्या केंद्रावर विसंबणे कितपत योग्य? या प्रश्नाचे उत्तर 'हत्ती मठातच ठेवा' असे होत नाही. ते 'अधिक केंद्रे उभारा' असे होते.

काबानचा प्रवास

निवारा खरोखर काय साधतो, हे समजण्यासाठी शेजारच्या देशातील एक उदाहरण बोलके आहे. श्रीलंकेने १९८५ मध्ये पाकिस्तानला काबान नावाचे हत्तीचे पिल्लू भेट दिले. इस्लामाबादच्या मरगझार प्राणिसंग्रहालयात तो वाढला. २०१२ मध्ये त्याची सोबतीण 'सहेली' मेली आणि पुढची आठ वर्षे तो एका उजाड आवारात भिंतीपुढे डोके हलवत उभा राहिला. 'जगातला सर्वांत एकाकी हत्ती' अशी त्याची ओळख झाली. मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्याला मुक्त करण्याचा आदेश दिला.

त्यानंतर थेट विमान उडाले नाही. 'फोर पॉज' या संस्थेचे पशुवैद्य आमिर खलील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिने त्याच्यासोबत काढले. वाढलेले वजन आहार बदलून उतरवले. प्रवासाचा भक्कम पिंजरा त्याच्या आवारात उघडा ठेवून, आत खाणे ठेवून, त्याने स्वतःहून आत-बाहेर करावे अशी सवय लावली. हा भाग कंटाळवाणा असतो, म्हणून बातम्यांत येत नाही. पण स्थलांतर यशस्वी होते ते इथेच. घाईने, भूल देऊन, क्रेनने चढवलेला हत्ती वाटेत दगावण्याचा धोका मोठा असतो. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस मालवाहू विमानाने काबान कंबोडियात पोहोचला. तेथील कुंपणापलीकडच्या हत्तीच्या सोंडेला त्याने आपली सोंड लावली. आठ वर्षांत दुसऱ्या हत्तीचा झालेला तो त्याचा पहिला स्पर्श होता.

सगळ्याच कथा अशा गोड नसतात. कॅनडातील टोरँटो नगरपरिषदेने २०११ मध्ये आपल्या प्राणिसंग्रहालयातील तीन आफ्रिकन हत्तिणी कॅलिफोर्नियातील 'पॉज' या संस्थेच्या निवाऱ्यात पाठवण्याचे ठरवले. प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. निवाऱ्यात क्षयरोग असल्याची शंकाही घेतली गेली. दोन वर्षांच्या वादानंतर २०१३ मध्ये हत्तिणी रस्त्याने तिथे पोहोचल्या. त्यांपैकी इरिंगा २०१५ मध्येच पाय आणि सांध्यांच्या जुन्या आजाराने गेली. निवारा चमत्कार करीत नाही. चाळीस वर्षे बिघडलेला पाय टेकडी मिळाली म्हणून बरा होत नाही. उरलेले आयुष्य कमी वेदनेचे आणि स्वतःच्या मर्जीचे होते, इतकेच. म्हणूनच हत्ती कोसळेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही.

माहूत आणि मिरवणूक

प्राणिप्रेमी चळवळीने ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले, तो माहूत. हत्तीच्या छळाचा दोष बहुधा त्याच्याच माथी येतो. पण कमी पगार, निश्चित रजा नाही, विमा नाही आणि रोज जिवाला धोका, अशा अवस्थेत तो काम करतो. हत्तीची नाडी त्याच्याइतकी कोणाला कळत नाही. तो गेला की हत्तीची पोटापाण्याची सोय होते आणि माहुताची जाते. पुनर्वसन केंद्रांना हत्तीच्या पायांची रोजची निगा, आंघोळ, चारा यांसाठी अनुभवी माणसे हवीच असतात. अंकुशाऐवजी कुंपणाआडून, खाऊचे आमिष दाखवून पाय पुढे करायला शिकवण्याची पद्धत बहुतेक माहूत शिकू शकतात. स्थलांतराच्या प्रत्येक आदेशात माहुताच्या नोकरीची अट का नसावी, हे समजणे कठीण आहे.

धार्मिक परंपरेच्या प्रश्नावर केरळने एक अनपेक्षित वाट दाखवली आहे. पूरम उत्सवांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने फेब्रुवारी २०२३ मध्ये देवाच्या सेवेसाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला. तो कान हलवतो, सोंडेने पाणी उडवतो, पाठीवर मूर्ती घेतो. अनेकांनी चेष्टा केली. परंतु ढोलताशांच्या गजरात बिथरून गर्दीत धावणारा हत्ती ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना तितकीशी हास्यास्पद वाटणार नाही. त्यानंतर दक्षिणेतील आणखी काही मंदिरांनी हा मार्ग धरला.

जागा कुठे आहे?

महाराष्ट्राकडे या कामाचा अनुभव अगदीच नाही असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनखात्याचे हत्ती शिबिर आहे. लाकूडकामाच्या काळातील हत्तींचे वंशज तिथे जंगलालगत, तलावाकाठी राहतात. २०२२ मध्ये राज्यातील शिबिरांमधले हत्ती जामनगरला पाठवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा स्थानिकांनी कमलापूरच्या हत्तींसाठी आवाज उठवला. त्यांचा आग्रह रास्त होता, कारण कमलापूरचे हत्ती साखळीने बांधलेल्या एकट्या मंदिरहत्तीसारखे नाहीत. त्यांना जंगल आणि सोबत दोन्ही आहे. जे हत्ती चांगल्या स्थितीत आहेत त्यांना हलवायचे आणि जे वाईट स्थितीत आहेत त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे खटले लढवायचे, हा उलटा क्रम झाला. कमलापूरला पुरेसे पशुवैद्यक, औषधे आणि निधी मिळाला, तर विदर्भात हत्तींसाठी दुसरे घर उभे राहू शकते. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेचे केंद्र २०१० पासून चालू आहे आणि २०१८ मध्ये तिथे हत्तींसाठी रुग्णालयही सुरू झाले. केरळात कोट्टूर, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ एम. आर. पालयम येथे वनखात्याची केंद्रे आहेत. म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमत नाही, असे म्हणता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मधील आंदोलनानंतर नांदणी परिसरातच वनताराच्या सहकार्याने हत्तींचे पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. माधुरी आपल्या माणसांजवळ राहील आणि तिची निगाही राखली जाईल, असा हा मध्यममार्ग आहे. तो तपासण्याच्या कसोट्या स्पष्ट आहेत. चालायला किती एकर माती आहे? रात्री साखळी असेल की नाही? पायांची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार? मिरवणुकीसाठी तिला बाहेर काढले जाणार का? उष्णोदकाचा हौद, सांध्यांसाठी उपचार, स्वच्छ निवारा ही सगळी सोय पैशाने होते. पण तिथे माधुरीसोबत आणखी किमान एक-दोन हत्तिणी असणार का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि आराखड्याच्या पहिल्याच पानावर त्याचे उत्तर असायला हवे.